मदत हवी आहे: मायनर, एम-३ चा बॅकलॉग आणि एनपीटीईएलचे क्रेडिट

पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलला आहे. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, आता पाचवं सत्र सुरू होतंय. एम-३ (इंजिनिअरिंग मॅथ्स-३) राहिलाय, बाकी सगळे विषय सुटलेत.

डेटा सायन्सचं मायनर (मुख्य शाखेसोबत घ्यायची दुसरी जोडशाखा) घ्यायचंय. त्याला डिग्रीव्यतिरिक्त १८ ते २० क्रेडिट लागतात आणि आमच्याकडे ते पाचव्या सत्रापासून दर सत्राला एक विषय असं वाटलेले आहेत. जीएफएम (गार्डियन फॅकल्टी, म्हणजे आमच्या मार्गदर्शक) मॅडम म्हणतात, आधी एम-३ काढ. त्यांचं पटतं, कारण मायनरचा पहिलाच विषय प्रोबॅबिलिटीचा आहे आणि माझा पाया तिथेच कच्चा आहे. पण हे सत्र सोडलं तर शेवटी एक विषय कमी पडेल.

म्हणून तो विषय जानेवारीत एनपीटीईएलच्या (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, सरकारच्या स्वयम पोर्टलवर असतात) १२ आठवड्यांच्या कोर्समधून भरून काढायचा विचार आहे. नियमावली वाचली. त्यात स्वयमचे क्रेडिट चालतात एवढंच आहे, मायनरबद्दल शब्द नाही. ऑफिसात विचारलं तर विभागप्रमुखांकडे पाठवलं, त्यांनी परत ऑफिसात.

दोन्ही एकदम घ्या, असं कृपया सुचवू नका. रोज येऊन-जाऊन तीन तास प्रवासात जातात, ते जमणार नाही. मायनरच्या नोंदणीला आठच दिवस उरलेत.

स्वायत्त कॉलेजात मायनरचा विषय एनपीटीईएलने भरून काढलेलं कुणी आहे का? लेखी मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी घेतलीत की नंतर, आणि सही कुणाची चालली: विभागप्रमुख, अ‍ॅकॅडमिक डीन की परीक्षा नियंत्रक?