सीडीचं (बँकेतल्या मुदत ठेवीचं) शुक्रवारपर्यंत बँकेला कळवायचंय. शिष्यवृत्तीचा चेक कोणाच्या नावे?

प्रेषक: मंदार (खजिनदार)
मंगळवार, 15 जुलै 2025, रात्री 9.40

मंडळी, नमस्कार.
आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीची सीडी मॅच्युअर झाली. शुक्रवार 18 तारखेपर्यंत बँकेला कळवलं नाही तर ती आपोआप पुढे जाईल, मग मोडली की दंड. मुद्दल 18,000 डॉलर, दोन वर्षांचं व्याज 1,800च्या थोडं वर. मुद्दलाला हात न लावता तीन मुलांना 600-600 द्यायचं कार्यकारिणीत ठरलंय. नावांवर इथे चर्चा नको (एकांकिकेच्या वेळी झालं तेवढं पुरे). प्रश्न एकच: चेक मुलांच्या नावे की कॉलेजच्या? उद्या रात्रीपर्यंत सांगा.

---

प्रेषक: वृषाली
मंगळवार, रात्री 10.15

कॉलेजच्या नावे अजिबात नको! गेल्या वर्षी आमच्या मुलीला बाहेरून 1,000ची शिष्यवृत्ती मिळाली. आम्ही पेढे वाटले. पंधरा दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं, त्यांच्या ग्रँटमधून बरोबर 1,000 कापलेले. कॉलेज राज्याबाहेरचं, खाजगी. नाव लिहीत नाही, अजून तीन वर्षं काढायची आहेत तिथे. तिचा जुळा भाऊ कॉलेज पार्कला, मेरीलँड विद्यापीठात. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पालकांचा वाटा विभागून धरायचे. 2024-25च्या फाफ्सापासून (सरकारी मदतीचा अर्ज) तेही गेलं. आमची नेमकी त्याच वर्षी लागली. मुलांच्या हातात चेक द्या आणि मोकळे व्हा.

---

प्रेषक: शिरीष
मंगळवार, रात्री 11.02

वृषाली, मुलाच्या नावे चेक दिला म्हणून कॉलेजला कळणार नाही असं नाही. बाहेरची मदत कळवणं मुलाकडूनच अपेक्षित असतं. लपवलं आणि नंतर निघालं तर जास्त ताप.
पण या तिघांची कॉलेजं इथलीच, सरकारी आहेत ना? मग घाबरायचं कारण कमी. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून स्वतःची ग्रँट कापायला मेरीलँडनं 2017 साली सरकारी कॉलेजांना बंदी केली, थोडे अपवाद सोडून. असा कायदा करणारं आपलं राज्य पहिलं. तुमच्या मुलीचं कॉलेज त्यात येत नाही.
दुसरं, फी-पुस्तकांवर खर्च झाले तर शिष्यवृत्तीवर कर नाही. खोलीभाडं, जेवणावर गेले तर उत्पन्नात धरतात. म्हणून चेक कॉलेजच्या नावे, मेमोत (चेकवरच्या टिपेत) मुलाचं नाव.

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, 16 जुलै, पहाटे 5.20

चिरंजीव मंदार, हा निधी आम्ही झुणका-भाकरीच्या स्टॉलवर उभा केला. कार्यकारिणीत काय ठरलं ते निदान मला फोन करून सांगायचं होतं.
मी 1969 साली खिशात 8 डॉलर घेऊन उतरलो. भारत सरकार तेवढेच बाहेर नेऊ देत असे. ग्रंथालयात पुस्तकं लावून खर्च भागवला, कर्ज नाही. आता 600 डॉलरनं काय होतं? मुलं आधी माँटगोमेरी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात, का घालत नाहीत? घरचं जेवण, फी कमी, पुढे कॉलेज पार्क किंवा शेडी ग्रोव्ह. यात कमीपणा कसला? आणि ज्यांना हमखास नोकऱ्या लागतात त्या कॉम्प्युटरवाल्यांना शिष्यवृत्ती कशाला?

---

प्रेषक: सुनील
बुधवार, सकाळी 7.48

भाकऱ्या माझ्या सासूबाईंनी थापल्या होत्या. दोनशे दहा. नोंद असावी.

---

प्रेषक: विद्या
बुधवार, सकाळी 8.30

अण्णा, "हमखास" कुणाला हो? न्यूयॉर्क फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, म्हणजे फेडची, न्यूयॉर्क शाखा) तक्त्यात 2023च्या आकड्यांप्रमाणे नव्या पदवीधरांतली बेकारी कॉम्प्युटर सायन्सला 6.1 टक्के, कलेच्या इतिहासाला 3. आमचा मुलगा नोकऱ्यांतल्या मंदीच्या आधी भरतीला लागला असता तर गोष्ट वेगळी. 2021 साली पैसा स्वस्त होता, कंपन्यांनी माणसं भरली. मार्च 2022पासून फेडनं व्याजदर चढवले आणि तीच माणसं काढली. हा 2025च्या मे महिन्यात पास झाला. आता त्याच अनुभवी माणसांच्या रांगेत मागे उभा आहे. रोज अर्ज टाकतो, संध्याकाळी शिकवण्या घेतो.
मला हे नवं नाही. माझं एमएस मे 2009ला संपलं. सप्टेंबर 2008मध्ये लेहमन बँक बुडाली, मार्चमध्ये माझी ऑफर परत घेतली, ऑक्टोबरमध्ये बेकारी 10 टक्क्यांवर. पुढे मिळेल त्या पगारावर लागले. लिसा कान या अर्थतज्ज्ञ बाईंनी ऐंशीच्या दशकातल्या मंदीत पास झालेल्यांचा अभ्यास केलाय. पगारातली ती खोट दहा-पंधरा वर्षांनीही भरून निघालेली नव्हती. माझ्या पगारपत्रकावरून मला पटलं.
त्यात मंदी आली की राज्याची तिजोरी आटते आणि पहिली कात्री सरकारी विद्यापीठांना लागते. माझी बहीण कॅलिफोर्नियात. तिथे नोव्हेंबर 2009मध्ये एकदम 32 टक्के फीवाढ मंजूर केली. आपल्याकडे 2006पासून चार वर्षं फी गोठवलेली, म्हणून तेव्हा इथे जाणवलं नाही.
चेकचं: शिरीष म्हणतो तसं.

---

प्रेषक: वृषाली
बुधवार, दुपारी 12.10

मी अजूनही मुलांच्या नावे म्हणते. आणि माँटगोमेरी कॉलेजबद्दल अण्णांशी सहमत, पण आधी सांगायला हवं होतं त्यांनी.

---

प्रेषक: मंदार (खजिनदार)
बुधवार, सायंकाळी 6.55

अण्णा, चुकलं, फोन करायला हवा होता. पण 600नं काय होतं ते ऐका. यंदा पेरेंट प्लस कर्ज (मुलांच्या कॉलेजसाठी पालकांनी घ्यायचं सरकारी कर्ज) 8.94 टक्क्यांनी आहे, वर 4.228 टक्के फी. 10,000 काढले तर हातात 9,577, व्याज मात्र पूर्ण 10,000वर. म्हणजे आपला चेक त्या फीपुरता होतो, वर दीडशे-पावणेदोनशे उरतात. 2021 साली या सीडीचं वर्षाचं व्याज 90 डॉलर आलं होतं, तेव्हा आपण कुणालाच काही दिलं नाही. यंदा देता येतंय ते दर चढले म्हणून, आणि मुलांना जड जातंय तेही त्याच दरांमुळे. पुढच्या जुलैपासून नव्या पेरेंट प्लसला वर्षाला 20,000 आणि मुलामागे एकूण 65,000ची मर्यादा येतेय, म्हणजे काहींना खाजगी कर्जाकडे वळावं लागेल. तेव्हा मुद्दल मोडायला नको, पुन्हा सीडीत टाकतो.
चेक कॉलेजच्या नावे, मेमोत मुलाचं नाव. वृषालीताईंचा विरोध नोंदवला.
एक अडचण आहे. बँकेत दुसरी सही अजून सुधीरकाकांचीच आहे. अध्यक्ष बदलले तरी बँकेतलं सहीचं कार्ड बदललं नाही. काका सिएटलला लेकीकडे आहेत ना? कुणाकडे त्यांचा तिथला नंबर आहे का? शुक्रवारी चारला शाखा बंद होते.

---

प्रेषक: सुनील
बुधवार, सायंकाळी 7.20

सासूबाईंकडे आहे. त्या म्हणतात आधी दोनशे दहाचं बोला.