यंत्राचं पॅनेल उघडण्याआधी: अनुभव धागा

चालू यंत्राजवळ सगळेच जपून वागतात, घोळ होतो तो बंद केलेल्या यंत्रात. स्विच पाडल्यापासून पहिला नट सैल करेपर्यंत तुम्ही नेमकं काय काय करता, ते इथे लिहा. नुसतं 'काळजी घ्या' नको, कृती सांगा.

वीज देखभाल
लाल इमर्जन्सी बटण दाबलं म्हणजे पुरवठा तुटला असं नाही. त्याने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकी स्विचची, कॉइल सुटते. कॉन्टॅक्टरच्या वरच्या टोकांवर ४१५ व्होल्ट तसेच राहतात, आणि कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर मोटरवरही. म्हणून आयसोलेटर, म्हणजे यंत्राचा पुरवठा पूर्ण तोडणारा स्विच, पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

मग मीटर. आधी तो नक्की चालू असलेल्या जागी लावून बघा, नंतर तिन्ही फेज एकमेकांत, प्रत्येक फेज न्यूट्रलशी आणि अर्थशी, आणि शेवटी पुन्हा त्याच चालू जागी. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. मधेच मीटरची वायर तुटली तर तो सगळीकडे शून्यच दाखवणार. निऑनच्या टेस्टरवर यासाठी विसंबू नका.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर आणखी थांबा. ४१५ व्होल्टवर आतल्या डीसी बसवर (कपॅसिटर जोडलेल्या पट्ट्यांवर) सुमारे ५८५ व्होल्ट साठलेले असतात. कव्हरवर लिहिलेली मिनिटं पूर्ण होऊ द्या आणि तरीही बस मोजूनच हात घाला, कारण डिस्चार्जचा रेझिस्टर उडाला असेल तर कितीही थांबून उपयोग नाही. इंटरलॉकच्या (एक यंत्र दुसऱ्याशी बांधणाऱ्या सुरक्षा सर्किटच्या) वायरी कधी कधी दुसऱ्या पॅनेलमधून आलेल्या असतात. ड्रॉइंगमध्ये त्या शोधाच.

हायड्रॉलिक आणि हवा
पंप बंद झाला तरी अॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणारी बाटली, भरलेलाच असतो. तो टाकीत रिकामा करून गेज शून्यावर आल्याशिवाय जोड सोडू नका. प्रेसचा रॅम (वर-खाली होणारा जड भाग) वर असेल तर खाली लोखंडी टेकू द्या. व्हॉल्व्हच्या भरवशावर त्याच्याखाली हात नको.

बारीक गळती हाताने कधीच चाचपू नका, लांब काठीला पुठ्ठा लावून शोधा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण बोट जाऊ शकतं. अशा वेळी पट्टी बांधून कामाला लागू नका, ताबडतोब रुग्णालयात जा आणि कोणतं तेल होतं ते सांगा.

हवेलाही हलकं समजू नका. १०० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बारवर जवळपास ४८० किलोचा रेटा देतो.

यांत्रिक फिटर
पट्टा बदलताना मोटरचे बोल्ट सैल करून ती पुढे सरकवा. पुली फिरवत पट्टा चढवला की बोटं मधे जातात. फिरत्या शाफ्टजवळ हातमोजे घालू नका. ग्राइंडरचा नवा दगड टांगून हलकेच ठोकून बघा, आवाज बद्द आला तर तो वापरू नका. दगडावरचे आरपीएम यंत्राच्या आरपीएमपेक्षा कमी नसावेत. टेकण आणि दगड यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. बसवल्यावर पहिलं मिनिट बाजूला उभं राहून रिकामा चालवा.

पाळी प्रमुख
काम अर्धवट असताना पाळी बदलली तर आधी नव्या माणसाचं कुलूप लागतं, मगच जुन्याचं निघतं. चौघे काम करत असतील तर कुलपंही चार. आणि माणूस घरी गेला म्हणून त्याचं कुलूप परस्पर कापायचं नाही. त्याला फोन करायचा, यंत्रात कोणी नाही हे स्वतः फिरून बघायचं आणि तो परतल्यावर यंत्राला हात लावायच्या आधी त्याला तसं सांगायचं.