यात दूध आहे का, एवढंच विचारलं होतं

बी-२०१ : सोसायटीच्या ग्रुपवरच्या मंडळींना नमस्कार. शनिवारी माझे साडू पुण्याहून सहकुटुंब येणार आहेत. त्यांची मुलगी व्हिगन आहे. दूध, दही, तूप, पनीर काहीच खात नाही. एक दिवस तरी सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं आहे. एक-दोन हॉटेलांत फोन केला, तर ‘प्युअर व्हेज है साहब’ एवढंच सांगतात. कुठे न्यावं?

ए-३०३ : प्युअर व्हेज कुठेही न्या दादा. पनीर सोडलं की बाकी सगळं चालेलच.

सी-४०३ : नाही हो, तसं नसतं. मी स्वतः व्हिगन आहे आणि नागपुरात बाहेर जेवायला जाणं मी जवळजवळ सोडून दिलं आहे. जरा मोठं लिहिते, पण वाचा.

दिराच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही घरचे सगळे एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो. नाव लिहीत नाही. आधी फोन करून विचारलं होतं. बसल्यावर वेटरला पुन्हा सांगितलं, दूध, दही, तूप, लोणी, क्रीम काही नको, तेलात करा. तो म्हणाला, हो जाएगा मॅडम. डाळ आली ती वर तूप तरंगतच. परत पाठवली. थोड्या वेळानं तीच वाटी परत आली. वरचं तूप चमच्यानं काढलेलं, कडेला थर तसाच. विचारलं तर म्हणाला, अब नहीं है मॅडम. मिक्स व्हेज पांढरट दिसत होती. काजू आहे म्हणाले. आत जाऊन विचारून या म्हटलं, तेव्हा कळलं की क्रीमही आहे. शेवटी मी भाजलेला पापड, काकडी-टमाटर आणि साधा भात खाल्ला. सासूबाई सारख्या माझ्या ताटाकडे बघत होत्या, त्यांना जेवण गेलं नाही. ज्यांच्यासाठी गेलो ते दोघं अवघडून बसले.

उपाशी राहण्याचं काही नाही, घरी येऊन खाता येतं. पण आपल्यामुळे घरच्यांचा आनंद कमी झाला हे मनातून जात नाही. आणि तूप होतं याच्यापेक्षा ‘नहीं है’ म्हणून सांगितलं, त्याचा मला जास्त राग आला. नसेल होत तर नाही होत म्हणा. मी फक्त भात मागवीन, किंवा घरून खाऊन येईन. पण मला खोटं सांगून ते पोटात घालू नका.

पनीर तर दिसतं, म्हणून टाळता येतं. न दिसणाऱ्याचं काय? नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. हॉटेलची हिरवी चटणी बऱ्याच ठिकाणी दह्यातली. तंदुरी गोबी आणि मश्रूम टिक्का दह्यात मुरवलेला. बिर्याणीत दही आणि तूप. बिनअंड्याच्या मेयोनीजमध्ये अनेकदा दुधाची पावडर. ऑफिसच्या पार्टीत ताटामागे सगळ्यांइतकेच पैसे भरून मी कापलेली काकडी खाल्ली आहे.

ए-१०२ काकू : अगं बाई, मग पोळीवर तूप बी नाही घेत का तू? आणि हाडांचं काय गं? मले तर काळजीच वाटते.

सी-४०३ : नाही घेत काकू. तीळ, नाचणी, हिरव्या भाज्या खाते, आणि बी-१२ ची गोळी नियमानं घेते, ती व्हिगन माणसानं घ्यायलाच हवी. तब्येत चांगली आहे, काळजी नका करू.

ए-३०३ : ताई, राग मानू नका, पण हॉटेलवाल्यानं काय काय सांभाळायचं? तुमच्यासारखं गिऱ्हाईक कधीमधी येणार. त्याच्यासाठी वेगळी कढई ठेवेल का तो? आणि हिरवा ठिपका असलेलं हॉटेल खोटं तर बोलत नाही.

सी-४०३ : ठिपका खोटा नाहीच. आपल्या नियमाप्रमाणे हिरव्या ठिपक्यात दूधही बसतं आणि मधही. व्हिगनसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेनं, २०२१ मध्ये वेगळं चिन्ह आणलं, हिरवं व्ही अक्षर आणि त्याच्यावर पानं. त्याचे नियम २०२२ मध्ये आले. पण ते पाकिटबंद मालाचं झालं. आपल्याकडच्या हॉटेलच्या मेन्यूवर मी ते अजून पाहिलेलं नाही. वेगळी कढई मी मागतच नाही. स्वयंपाक्याला विचारून खरं उत्तर आणून द्या, एवढंच मागते.

सेक्रेटरी : मध्येच लिहितो, उद्या सकाळी १० ते १२ बी विंगची लिफ्ट बंद राहील. चालू द्या तुमचं.

सी-१०१ : मी एक सांगू का? आम्ही जैन. कांदा, लसूण, आलू नको म्हटलं की वेटर दुसरा प्रश्न न विचारता लिहून घेतो. मेन्यूवरच लिहिलेलं असतं, जैन मिळेल. लग्नात वेगळा काउंटर असतो. खरं तर कांद्याशिवाय ग्रेव्ही करणं हे दूध न घालण्यापेक्षा अवघड काम आहे, तरी करतात. कारण नागपुरातल्या इतवारीतली, महालातली जैन घरं पिढ्यान् पिढ्या हे मागत आली. कोणी त्याला नखरे म्हणत नाही. त्यामुळे ‘होत नाही’ हे मला पटत नाही. सवय झाली की होतं.

सी-४०३ : भाभी, हेच मला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. तुमच्या ताटाला जो मान मिळतो तो बघून मला बरं वाटतं. तेवढाच हवा आहे.

बी-३०४ : आमचं गाव काटोलकडे. घरी म्हशी होत्या, दुधाच्या पैशावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली. म्हणून दूध म्हणजे काहीतरी वाईट, असं कोणी बोललं की मला लागतं. ताई तुम्ही तसं बोलला नाहीत, पण मनातलं लिहिलं.

सी-४०३ : दादा, मनातलं लिहिलं ते बरं झालं. मी दूध का सोडलं ते थोडक्यात सांगते. दूध हवं तर म्हैस पुन्हा पुन्हा गाभण ठेवावी लागते, आणि जो हेला, म्हणजे नर पारडू, जन्मतो त्याला कोणी पोसत नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला ते पुढे पिता येईना. तुमच्या आईनं म्हशींना कसं जपलं असेल ते मला माहीत नाही असं थोडंच आहे, माझंही आजोळ खेड्यातलंच. तुमच्या घरी येईन तेव्हा तुम्ही चहा प्या, मी कोरा घेईन.

बी-३०४ : या नक्की. हेल्याचं म्हणता ते खरं आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

बी-५०४ काका : माझं सारं आयुष्य हॉटेलच्या किचनमध्ये गेलं, म्हणून लिहितो. ताईंना खोटं का सांगितलं गेलं ते मला कळतं. हॉटेलात तुमची ऑर्डर आल्यावर भाजी सुरुवातीपासून होत नाही. सकाळीच मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार असतात. पांढरी म्हणजे काजू, मगज (खरबुजाच्या बिया), कांदा, आणि त्यात दही, खवा किंवा क्रीम. मखनी म्हणजे टमाटर, लोणी, क्रीम. तिसरी कांदा-टमाटरची तपकिरी, ती बहुतेक ठिकाणी तेलात असते. रात्री नऊ वाजता गर्दीत स्वयंपाकी या तिन्हींतून उचलून पाच-सात मिनिटांत भाजी काढतो. पांढऱ्या ग्रेव्हीत सकाळी पडलेलं क्रीम रात्री कोणाला काढता येत नाही. वेटरला हे माहीतच नसतं. तो नवा पोरगा असतो, नाही म्हटलं तर मॅनेजर ओरडतो, म्हणून हो म्हणतो.

म्हणून बी-२०१, तुम्ही वेटरला विचारूच नका. दुपारी तीन-चारच्या सुमारास हॉटेलात फोन करा, तेव्हा किचन निवांत असतं. थेट स्वयंपाक्याशी बोला. व्हिगन शब्द वापरू नका, जिन्नस सांगा. आणि ‘पांढऱ्या आणि मखनी ग्रेव्हीतलं काही नको’ हे म्हणा, लगेच कळेल त्याला. डाळ तडका तेलात, जिरा आलू, भेंडी, छोले, हे कुठेही होतं. तंदुरी रोटी घ्या, पण पिठात दूध-दही घालता का ते विचारा आणि वरून लोणी लावू नका हे सांगा. शेकल्यावर हात आपोआप लोण्याकडे जातो त्यांचा. डोसा मागवला तरी तेच, तव्यावर तेल सोडा म्हणायचं आणि खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का बघायचं. चायनीजमध्ये व्हेज फ्राइड राइस तेलातलाच असतो.

सी-४०३ : काका, इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नाही. पांढऱ्या ग्रेव्हीचं आज कळलं.

ए-१०२ काकू : आता माझं ऐका. त्या पुण्याच्या पोरीले पंजाबी हॉटेलात नेताच काहून? आपल्याकडचं खाऊ घाला नं. पाटोडीचा रस्सा बेसनाचा, तेलातला, त्यात दुधाचा थेंब नाही. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, भरड्याचे वडे, चून-भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, वडाभात. आमच्या माहेरी तर जवसाच्या तेलातच होत होतं सगळं. तूप सणावाराले. सकाळी तर्री-पोहे खाऊ घाला, त्यात कांदा, चना अन् तेल, दुसरं काय असते?

सी-४०३ : काकू, अगदी खरं. माझं बाहेरचं सगळ्यात समाधानाचं जेवण ठेल्यावरचे तर्री-पोहे आणि लांब रोटीसोबतचा पाटोडी रस्सा हेच आहे. विदर्भातलं रोजचं जेवण आधीपासूनच बरंचसं व्हिगन आहे, कोणाला काही बदलायची गरज नाही. मी बाहेरगावच्या मैत्रिणींना हे सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही, त्यांना सावजी, म्हणजे आपलं नागपूरचं झणझणीत जेवण, फक्त मटणापुरतंच माहीत. सावजीचा डाळकांदा आणि पाटोडी त्यांनी खाल्लेलीच नसते.

फक्त बी-२०१, दोन ठिकाणी जपा. रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, घेतले तर ते तुपात बुडवून देतात, आधीच सांगावं लागतं. आणि कढीगोळे नको, कढी ताकाची. गोडात तर जवळजवळ काहीच मिळत नाही. संत्रा बर्फी मला इतकी आवडायची, पण त्यात खवा. पाहुण्यांना सोबत द्यायची असेल तर त्या मुलीसाठी साधी संत्री द्या, मोसम असेल तर.

बी-२०१ : सावजीचं सुचलंच नाही मला. पण माझी सासू कट्टर शाकाहारी, तिथे मटण शिजतं.

ए-१०२ काकू : मग झुणका-भाकर केंद्रात न्या, नाहीतर सरळ घरी पार्सल आणा. पाटोडी मी करून देते. किती जण आहेत?

बी-२०१ : काकू, सात जण. तुम्हाला त्रास नको.

ए-१०२ काकू : त्रास कशाचा? बेसन तुम्ही आणून द्या.

सी-२०२ : मी आत्तापर्यंत वाचत होते. आमच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही ते वेगळं, तिथे पोट बिघडतं. याला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, थोडंसं गेलं तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. एकदा वाढदिवसाला गेलो होतो, मी तीनदा विचारलं, तीनदा ‘नाही’ म्हणाले, आणि रात्री आम्ही दवाखान्यात. त्या दिवसापासून मी डबा घेऊन जाते. काही हॉटेलवाले बाहेरचं खाऊ देत नाहीत, तेव्हा वाद घालावा लागतो. लोकांना वाटतं मी लाड करते. सी-४०३, तुमचा विचार वेगळा आणि आमचं दुखणं वेगळं, पण विचारायचा प्रश्न एकच आहे.

ए-३०३ : वहिनी, हे मला माहीत नव्हतं. ॲलर्जीचं मेन्यूवर लिहिणं सक्तीचं नाही का?

सी-२०२ : मोठ्या साखळीच्या हॉटेलांना आहे. केंद्रीय परवाना असेल किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असतील, तर दूध, शेंगदाणे, सोयाबीन, गहू असे ॲलर्जीचे घटक सांगावे लागतात. २०२० चे नियम आहेत. आपल्या गल्लीतल्या हॉटेलाला ते लागू नाहीत. म्हणून आम्ही मुलाला कधी कधी साखळीच्याच ठिकाणी नेतो. चव आवडते म्हणून नाही, तिथे कागदावर लिहिलेलं दाखवतात म्हणून.

सी-४०३ : वहिनी, मला चुकून तूप गेलं तर मन खट्टू होतं. तुमच्या लेकराचा जीव जातो का राहतो अशी वेळ येते. यापुढे मी कुठे विचारायला गेले की तुमच्या मुलाचंही विचारून ठेवीन.

बी-५०४ काका : एक करू. मी हिंदीत चिठ्ठी लिहून देतो, कारण किचनमधली बरीच मुलं बाहेरगावची, मराठी वाचत नाहीत. फोटो काढून ठेवा, वेटरच्या हातात न देता आत पाठवा, आणि स्वयंपाक्याचं उत्तर येईपर्यंत ऑर्डर देऊ नका. ही बघा :

‘दूध, दही, मलाई, क्रीम, मक्खन, घी, पनीर, चीज़, खोया, शहद, कुछ भी नहीं चाहिए। सब कुछ सिर्फ तेल में बनाइए। सफेद और मखनी ग्रेवी मत डालिए। अगर नहीं हो सकता तो साफ़ मना कर दीजिए, हम बुरा नहीं मानेंगे।’

सी-४०३ : शेवटची ओळ फार छान काका. माझ्या तोंडून ती कधी निघालीच नसती.

सी-२०२ : आमच्यासाठी यात ‘बच्चे को एलर्जी है, बर्तन और कलछी धोकर बनाइए’ एवढं घालता का? मध मात्र त्याला चालतो.

बी-५०४ काका : तुमची वेगळी लिहितो वहिनी. ॲलर्जीची ओळ सगळ्यात वर, लाल शाईनं.

सी-१०१ : नानच्या पिठाचं राहिलं काका, आणि चटणीतल्या दह्याचंही.

बी-५०४ काका : घातलं. पाच मिनिटांत दोन्ही टाकतो.

ए-१०२ काकू : बी-२०१, बेसन एक किलो आणजो, जाड नको. सांबार माझ्याकडे आहे.