शब्दचर्चा : ‘म्हणे’

सड्यावरची
मंडळी, एका रोजच्या शब्दाबद्दल विचारायचे आहे. ‘म्हणे.’ “तो मुंबईला गेला म्हणे”, “यंदा हापूस उशिरा आहे म्हणे” यातला. आमच्या मालवणीत याच जागी ‘खंय’ येतो: “तो मुंबैक गेलो खंय.” (‘कुठे’ या अर्थाचा ‘खंय’ वेगळा.)

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तत्त्वज्ञानाच्या पेपरासाठी ‘जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे’ यावर टिपण लिहायचे आहे. सरांनी न्यायदर्शन या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेतली चार प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळण्याचे मार्ग, फळ्यावर लिहिली: प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेले), अनुमान (तर्काने काढलेले), उपमान (साम्यावरून कळलेले), शब्द (भरवशाच्या माणसाने सांगितलेले). मग म्हणाले, दिवसभरात तुम्ही जे जे खरे धरून चालता ते या चार खणांत टाकून बघा. मी वही घेऊन बसले. शब्दाचा खण भरून वाहायला लागला आणि प्रत्यक्षाच्या खणात चार ओळीही होईनात. माझी जन्मतारीखसुद्धा मला ऐकूनच माहीत. मी पायाळू जन्मले म्हणे. लहानपणी समुद्राची गाज ऐकून रडायचे म्हणे. स्वतःबद्दल बोलतानाही ‘म्हणे’ लागते. हजर मीच होते, पण साक्ष देऊ शकत नाही.

लिहायला बसले त्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. मी विजयदुर्गच्या पंचक्रोशीतली. १८ ऑगस्टला आमच्याकडे हेलियम दिन साजरा होतो. गेल्या खेपेला गावच्या शाळेत मला बोलायला बोलावले होते. मी मुलांना ठणकावून सांगितले की १८६८ साली याच दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी आपल्या किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला. किल्ल्यावरचे ‘साहेबांचे ओटे’ त्यांच्याच दुर्बिणी ठेवायला रचलेले. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. “ताई, ऑगस्टात पाऊस नव्हता?” मी म्हटले, त्या दिवशी उघडीप असेल.

रात्री झोप लागली नाही. ते ‘असेल’ मी उभ्या उभ्या तयार केले होते. आणि ज्यांच्याकडून ही गोष्ट माझ्यापर्यंत आली ती बहुतेक मंडळी ‘म्हणे’ लावून सांगत. माझ्या तोंडी येईपर्यंत ते गळून गेले.

तर प्रश्न असा: ‘म्हणे’ कधी लावावे आणि कधी काढावे, याला भाषेत काही रीत आहे का?

कोशवाचक
चांगला शब्द काढलास. ‘म्हणे’ हे मुळात ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप. जुन्या मराठीत ते वर्तमानकाळी होते. आज ‘तो म्हणे’ म्हटले की ‘तो म्हणत असे’ असा रीतिभूतकाळ होतो. तू विचारते आहेस ते ‘म्हणे’ क्रियापद राहिलेले नाही. त्याला कर्ता नाही, काळ नाही, लिंगवचन नाही. गोठून अव्यय झालेले आहे. काम एकच: आधीचे विधान माझ्या पदरचे नाही, कानावर आलेले आहे, हे नोंदवणे.

जागेप्रमाणे त्याचा रंग बदलतो, तो बघ. वाक्याच्या शेवटी किंवा मध्ये आले तर नुसती नोंद: “त्याने म्हणे होडी विकली.” वाक्याच्या तोंडी आले तर धिक्कार: “म्हणे मला वेळ नाही!” आणि समोरच्या माणसाला विचारताना आले तर पडताळा: “तू दुबईला चाललास म्हणे?” हा तिसरा प्रयोग मला फार आवडतो. ऐकीव गोष्ट ज्याची त्याच्यापुढे नेऊन ठेवायची आणि खरे-खोटे त्यालाच विचारायचे.

कर्ता हरवला म्हणालो, त्यावर एक आठवले. ‘तुका म्हणे’ या मुद्रेत तेच रूप आहे, पण कर्ता ठळक बसलेला आहे. अभंगातल्या म्हणण्याची जबाबदारी नाव लावून घेतलेली. बाजारातल्या ‘म्हणे’पुढून ते नाव गेले की काय होते ते आपण रोज ऐकतो. त्याच तुकोबांच्या “मन केलें ग्वाही” मधला ‘ग्वाही’ फारसीतून आलेला, अर्थ साक्ष. ‘साक्ष’ संस्कृतातला, ‘स’ आणि ‘अक्ष’, म्हणजे डोळ्यांसकट. मराठीला साक्षीचे शब्द दोन्ही दारांनी मिळाले.

निवृत्त विज्ञानशिक्षक
बाळ, तुझ्या त्या सातवीतल्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. प्रश्न नेमका विचारला तिने. पण पावसावरून निकाल लावू नकोस. ग्रहण ऋतू बघून येत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला भर पावसाळ्यात खगोलशास्त्रज्ञ हिंदुस्थानात आले होतेच. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर मात्र त्यांच्यात नव्हते. ते त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांचा नवा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारे यंत्र, ऑक्टोबरात हाती आला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट तिथूनच पाहिला. त्यात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा असतात, ही त्यांच्या शेजारी पण वेगळ्या जागी, ५८७ नॅनोमीटरच्या जरा पुढे. पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी ती जुळेना. म्हणून नवे मूलद्रव्य, आणि नाव ग्रीक सूर्याचे, हीलिऑसचे.

आता ओट्यांचे. लॉकियर विजयदुर्गला आले होते, हे खरे आहे. पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. त्या मोहिमेचा विजयदुर्गचा अहवाल त्यांच्याच नावाने रॉयल सोसायटीने छापला आहे. नौदलाच्या ‘मेल्पोमिनी’ जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला जेऊरला तळ ठोकून होते. तोवर हेलियमला तीस वर्षे होत आली होती. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी तो एका खनिजातून पृथ्वीवरही मिळवला होता.

तेव्हा आपली गावे खोटे बोलली नाहीत. माणूस खरा, जागा खरी, ग्रहण खरे. दोन ग्रहणे एकात मिसळली. मीसुद्धा वर्गात बरीच वर्षे १८६८ च सांगत आलो. अहवाल हाती आला तेव्हा पोटात गोळा आला. किती मुले तेच घेऊन बाहेर पडली असतील!

सड्यावरची
मास्तर, मनापासून आभार. काल संध्याकाळी मी मुद्दाम किल्ल्यावर गेले आणि त्या ओट्यांवर हात ठेवून उभी राहिले. जांभ्याच्या भोकांत शेवाळ वाळून काळे झालेले, कडेला गवत. मला वाटे, ओटे डोळ्यांनी दिसतात म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण झाले. पण दिसतात ते फक्त दगड. ते कशासाठी रचले, कोणत्या साली रचले, हे दगडावर दिसत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. म्हणजे प्रत्यक्षाच्या खणात मी लिहिलेल्या चार ओळींतल्याही दोन खोडाव्या लागल्या.

आता पुढची अडचण. “पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणे” असे कोणी म्हणत नाही. मी तर ते फिरताना पाहिलेले नाही. मग तिथे ‘म्हणे’ का नको?

आमच्या आजोबांमुळे थोडे उमगले. आयुष्यभर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे जाळे) ओढली त्यांनी. भरतीची वेळ काढायची त्यांची रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाचाचे पावणेचार, अष्टमीला आठाचे सहा, त्या सुमाराला भरती. पुनवेनंतर परत एकपासून. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले, म्हणजे शब्दप्रमाणच. पण आजोबा त्याला कधी ‘खंय’ लावत नाहीत. विचारले तर म्हणाले, “खंय कित्याक लावूचा? दर्यार जावन बघ मगे.” मी पंधरा दिवस जेटीवर जाऊन खुणा केल्या. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक मागे पडते, कारण चंद्राला त्याच जागी यायला रोज साधारण पन्नास मिनिटे जास्त लागतात. म्हणून पाऊणपटीचा हिशेब पंधरवड्याच्या शेवटाकडे जरा चुकतो, आणि तो चुकतो हेही आजोबांना माहीत होते. “पुनवेक मागेपुढे धरूचा.”

मला वाटते, ज्या सांगण्याच्या मागे हवे तेव्हा चालत जाता येते, वाटेत कोणी अडवत नाही, तिथे ‘म्हणे’ गळायला हरकत नाही. मास्तरांनी सांगितलेली पिवळी रेषा मी पाहिलेली नाही, पण साधा वर्णपटदर्शक आणि हेलियमची नळी असेल तर आमच्या प्रयोगशाळेतही ती बघता येते. इतिहासात मात्र तसे चालत जाता येत नाही. २२ जानेवारी १८९८ परत उगवणार नाही. तिथे सांगणारा कोण, त्याला कसे कळले आणि त्याने कधी लिहिले, एवढेच हाती उरते.

कोशवाचक
त्या सांगणाऱ्यालाच न्यायदर्शनात ‘आप्त’ म्हणतात. ज्याला गोष्ट नीट माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. त्याचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. आणि आपल्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक! आप्तेष्ट, आप्तस्वकीय. शब्दाने केवढा प्रवास केला बघ. ज्याचा भरवसा तो जवळचा, हे मूळ. जो जवळचा त्याचा भरवसा, हे आजचे. आपले पुष्कळसे घोटाळे या एका उलट्या वाटेने होतात, असे माझे मत आहे.

आणि योगायोग सांगतो. १८९८ हेच साल वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाचे. बखरींवर विसंबू नका, मूळ कागद शोधा, हा त्यांचा हट्ट. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’चीच अक्षरे उलटून झाला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. बखरीत ‘म्हणे’ कुठे गळले हे शोधता शोधता त्यांचा जन्म गेला.

खाडीपलीकडची
मी शास्त्रातले फार बोलणार नाही. माझी आई बाजारात मासळी घेऊन बसते. एकदा सकाळी बाजारात उठले की “मासळीला औषध मारतात म्हणे.” कोण म्हणतो, कुठल्या मासळीला, कोणाच्या, काही नाही. आईची सुरमई पहाटेच्या होडीची, कल्ले लालभडक. गिऱ्हाईक पाटीपर्यंत यायचे, वाकून बघायचे आणि पुढे जायचे. दुपारी एकपर्यंत बर्फ वितळून पाणी पायाखाली आले. चार दिवस तसेच. आई कोणाशी भांडणार? ‘म्हणे’ला घर नाही, दार नाही.

म्हणून मला ‘म्हणे’ लावले की माणूस प्रामाणिक झाला हे पटत नाही. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. “अमक्याबरोबर दिसली म्हणे” असे बोलून बोलणारी घरी जाऊन जेवते, आणि ज्या घरची मुलगी त्या घरात चूल पेटत नाही. ‘म्हणे’ काढणे चूक असेल, पण त्याच्याआड उभे राहून दगड मारणे जास्त वाईट.

सड्यावरची
ताई, तुम्ही लिहिलेले दोनदा वाचले. माझ्या टिपणात हे नव्हतेच. मी ‘म्हणे’ला नुसता ज्ञानाचा शब्द समजत होते. कोणाचे बरेवाईट करू शकेल असे काही सांगायचे असेल तर ‘म्हणे’ पुरत नाही, ‘कोण म्हणे’ हे सांगता आले पाहिजे. आणि ते सांगता येत नसेल तर तोंड मिटावे. हे मी माझ्या शब्दांत टिपणात घेतले तर चालेल ना?

आणि एक गोष्ट आज घडली ती सगळ्यांना सांगायची आहे. मास्तरांचा मजकूर मी आजोबांना वाचून दाखवला. त्यांचे वय ऐंशी. ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “माझो आजो सायबांका पानी व्हरून देय खंय. धा-बारा वर्साचो झील होतो तेव्हा. गिराण लागला नि दिसाचो काळोख पडलो, कावळे घरट्यांक गेले खंय.” मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे. घरातली गोष्ट म्हणून कधी तिच्याकडे नीट पाहिले नाही. आज कागद घेतला. आजोबा साधारण १९४४ चे. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, १८९८ मध्ये दहा-बारा वर्षांचे असू शकतात. १८६८ मध्ये त्यांचा जन्मसुद्धा झालेला असणे अवघड.

आमच्या घरात खरे साल तीन पिढ्या पडून होते, आणि मी शाळेत जाऊन चुकीचे सांगून आले. आजोबांनी ‘खंय’ सोडले नव्हते. मी सोडले.

निवृत्त विज्ञानशिक्षक
हे वाचून फार बरे वाटले. तरी जपून. वयाचा हिशेब अहवालाशी जुळतो, एवढेच म्हण. पाणी दिले हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सड्यावरची
हो मास्तर, ते अनुमानाच्या खणात ठेवले आहे. सोमवारी मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, परत त्याच वर्गात जाते आहे. आधी त्या मुलीला सांगणार की तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक होते. फळ्यावर दोन वाक्ये लिहायची ठरवली आहेत. “१८९८ साली लॉकियर विजयदुर्गला आले.” आणि “माझे खापरपणजोबा त्यांना पाणी नेऊन देत म्हणे.” मुलांना विचारणार, एकाला ‘म्हणे’ का नाही आणि दुसऱ्याला का आहे. दुसरे वाक्य प्रमाण मराठीत ठेवू की आजोबांच्या तोंडचे?

खाडीपलीकडची
आजोबांच्या तोंडचे ठेव. ‘खंय’ लिही. सातवीतली पोरे आहेत आपली, त्यांना लगेच कळेल.