शेतात बुजगावणं की भुलवण? लिंकनशायरच्या गव्हातले पारवे

बॉस्टनचा बार्शीकर
इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या बॉस्टनजवळ राहतो, अमेरिकेतल्या नव्हे. सगळा सपाट मुलूख: गहू, वाटाणा, कोबी, बटाटा. शेजारी शेतकरी आहे, माझ्या वडिलांच्या वयाचा. गेली तीन वर्षं त्याच्याबरोबर पारवे मारायला जातो. गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर मामांनी दोन दिवस माझा फोन घेतला नाही. मला ते लागलं, म्हणून इथे विचारतो.

आधी काय करतो ते सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये वादळी पावसाने गहू जागोजागी आडवा होतो. उभ्या गव्हात पारव्याला बसता येत नाही, पण आडवा पडलेला गहू म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. शंभर-दीडशेचा थवा उतरतो, खातो ते वेगळंच, वर तुडवतो आणि विष्ठेने घाण करतो. अशा पट्ट्याजवळ बांधावर जाळी बांधून लपण करायचं, वारा पाठीवर घ्यायचा. समोर वीस-पंचवीस पावलांवर प्लास्टिकची कबुतरं, म्हणजे भुलवण, घोड्याच्या नालेसारखी मांडायची, मधे जागा मोकळी ठेवायची. पक्षी उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, त्यामुळे येतो तो बरोबर समोरून, त्या मोकळ्या जागेत. शिवाय बॅटरीवरची फिरकी असते, तिच्या दोन दांड्यांना दोन मेलेली कबुतरं. लांबून वाटतं, दोघं आत्ताच उतरतायत.

हा पारवा म्हणजे आपल्या विहिरीच्या कपारीतलाच. इथल्यांचे पूर्वज मठवाल्यांनी आणि जमीनदारांनी खाण्यासाठी मनोरे बांधून पाळलेले. त्यांतून सुटलेल्यांचा वंश आज शहरात पुलांखाली राहतो आणि दिवसा शेतात चरायला येतो.

पहिल्या वर्षी एका पारव्याच्या गळ्याची पिशवी चिरून टेबलावर पेपरवर रिकामी केली आणि मोजलं. गव्हाचे २१२ दाणे, ओले, फुगलेले. आता याला थव्याने गुणा.

पोलिसांचा बंदूक परवाना आहे, शेतमालकाची परवानगी आहे, सरकारचा सामान्य परवाना या पक्ष्याला लागू आहे. ज्याने शेती केलीय त्याला यात पाप दिसू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

कवडा
दाणे मोजलेत हे आवडलं. आता पुढचंही मोजा: तीन वर्षांत थवा कमी झाला का?

तुमच्या शेजारच्या केंब्रिजशायरमध्ये कार्लटन गावी पक्ष्यांचे अभ्यासक आर. के. मर्टन आणि सहकाऱ्यांनी १९५०-६०च्या दशकांत वुडपिजनवर, म्हणजे तिकडच्या मोठ्या रानकबुतरावर, वर्षानुवर्षं काम केलं. तेव्हा सरकार काडतुसांवर सवलत देत होतं. त्यांना दिसलं ते असं की हिवाळ्यात किती पक्षी जगणार हे शेतातलं अन्न ठरवतं. बंदुकीने मेले त्यांतले बरेचसे तसेही उपासमारीने गेले असते.

पारव्यांचं उदाहरण तर बाझलचं. त्या स्विस शहराने १९६१ ते १९८५ या काळात जवळजवळ एक लाख पारवे मारले, आणि संख्या जिथल्या तिथे, वीस हजारांच्या आसपास. मग लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावलं, तेव्हा चार-सव्वाचार वर्षांत ती निम्म्यावर आली. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५मध्ये मुंबईत एवढं रण माजलं, त्यातही मूळ प्रश्न दाण्यांचाच होता. अन्न आहे तोवर जागा भरत राहते.

गोफण
कवडा साहेब, अभ्यास कागदावर बरा वाटतो. मी बीडकडचा. ज्वारी चिकात आली की भोरड्यांचे थवे उतरतात, अख्खं रान काळं होतं. लहानपणी आम्ही माळ्यावर उभं राहून पहाटेपासून गोफण फिरवायचो, शाळा बुडवून. हरभरा पेरला की विहिरीतले पारवे येतात. भुईमूग रानडुकरं एका रात्रीत उकरून टाकतात. ज्याचं पीक जातं त्याला "अन्न कमी करा" सांगता? ते अन्नच तर त्याचं पीक आहे.

बार्शीकर, तुमच्या शेजाऱ्याला माझा राम राम सांगा. मामांना म्हणावं, एक हंगाम रात्री राखणीला या.

लेस्टरकरीण
मी इकडेच चोवीस वर्षं आहे आणि मला हे पटत नाही. पोस्टमध्ये एक गोष्ट गाळलीय.

"सामान्य परवाना लागू आहे" म्हणजे नुसती मोकळीक नव्हे. इंग्लंडमध्ये तो जीएल ४२ (जनरल लायसन्स क्रमांक ४२). त्यात अट आहे की आधी, आणि बरोबरीनेही, न मारता हाकलण्याचे उपाय प्रामाणिकपणे करायचे: गॅसची तोफ, पतंग, बुजगावणं. आणि मारायचं ते पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठीच. २०१९च्या एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर वाइल्ड जस्टिस या संस्थेने आव्हान दिलं आणि जुने परवाने रद्द झाले. महिनाभर शेतकरी आणि नेमबाज दोघंही गोंधळात होते, मला आठवतंय.

आता विचार करा. बुजगावणं पक्ष्याला सांगतं, इथे येऊ नकोस. भुलवण सांगते, ये, तुझे भाऊबंद आधीच जेवायला बसलेत. ज्या शेतावरून पक्षी हाकलायचे त्याच शेतात त्यांना बोलावणं मांडायचं, हे पीक राखणं कसं? ती फिरकी पीक वाचवण्यासाठी बनलेली नाही, नेम सोपा व्हावा म्हणून बनलीय.

आणि खरं सांगा, सगळ्यात जास्त पारवे पडतात ते कापणीनंतर धसकटांवर ना? त्या वेळी शेतात वाचवायला काय उरलेलं असतं?

बॉस्टनचा बार्शीकर
तिघांचंही वाचलं.

कवडा, मर्टनचं काम वुडपिजनचं आणि हिवाळ्याचं. माझा गहू उन्हाळ्यातला. आम्हाला जिल्ह्यातले पारवे संपवायचे नाहीत, कापणीयंत्र येईपर्यंतचे आठ-दहा दिवस तो पट्टा सोडायला लावायचाय. दोन सकाळी बसलो की थवा आठवडाभर लांब जातो, हे मी पाहिलंय.

ताई, गॅसची तोफ आहे. दर वीस मिनिटांनी वाजते. पहिले तीन दिवस पारवे उडतात, चौथ्या दिवशी तिच्या शेजारीच चरतात. गोळीचा आवाज आणि पडणारा पक्षी यांचा मेळ बसला की मगच तोफेलाही घाबरतात. भुलवणीचं उत्तर असं की ते कुठे उतरतात ते आधी दोन दिवस दुर्बिणीने बघतो आणि तिथेच मांडतो. नव्या शेतात बोलावत नाही.

धसकटांचं मात्र खरं आहे. मागच्या ऑगस्टमध्ये आमचे सगळ्यात मोठे दोन दिवस धसकटांवरचेच होते. शेजारी म्हणतो, हेच पक्षी पुढे मोहरीच्या पेरणीवर जातात. मी तेव्हा मान डोलावली. आता लिहिताना तेवढी खात्री वाटत नाही.

कवडा
पेरणीचा मुद्दा आलाच आहे तर: पारवा कोंबडीसारखी माती उकरत नाही, वर दिसेल ते टिपतो. बी नीट झाकलं आणि बांधाच्या कडेला सांडलेलं गोळा केलं तर त्याला फार काही मिळत नाही. आडव्या गव्हाचं नुकसान खरं, ते मी नाकारत नाही.

आणि ओळखीचं काय? तुमच्याकडे स्टॉक डव्ह असतो, त्याला संरक्षण आहे. तोही राखाडी, तोही थव्यात. पारव्याच्या पंखावर दोन लांब काळे पट्टे, बहुतेकांची पाठ शेपटीजवळ पांढरी. स्टॉक डव्हचे पट्टे तुटके, पांढरं कुठेच नाही. हे अंगावर येणाऱ्या पक्ष्यात, सकाळच्या उजेडात, दीड सेकंदात कळतं?

माळरान
मी वेगळ्याच कारणाने लिहितोय. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून, त्याच्या आवाजावर रानातले तित्तर फाशात धरायचे, ही आपल्या फासेपारध्यांची पिढ्यांपिढ्यांची विद्या. भुलवण ती हीच. १८७१च्या कायद्याने ब्रिटिशांनी अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायची सुरुवात केली. १९५२मध्ये तो शिक्का पुसला, पण गावाने पुसला नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तर पोटाची विद्याच गुन्हा झाली. मी त्यांच्या मुलांना शिकवतो. वर्गात एक मुलगा तित्तराची शीळ इतकी हुबेहूब घालतो की खिडकीबाहेरून उत्तर येतं. आणि तो लगेच घाबरून गप्प बसतो.

पक्षी मारायला मोकळीक द्या असं माझं म्हणणं नाही. पण त्याच भुलवणीला एकीकडे छंद म्हणायचं आणि दुसरीकडे गुन्हा, हे वाचून मला गप्प बसवलं नाही.

लेस्टरकरीण
माळरान, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. बार्शीकर, अजून एक राहिलं: मारलेले पारवे जातात कुठे?

बॉस्टनचा बार्शीकर
वुडपिजन पडला तर खाटीक घेतो, घरीही होतो. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात चांगला लागतो. पारवा कुणी घेत नाही, शहरातलं काय काय खाऊन आलेला असतो म्हणून. शेजारी काही ससाणे पाळणाऱ्या मित्राला द्यायचा. ते मी बंद करायला लावलं, कारण छऱ्यांतलं शिसं त्या ससाण्याच्या पोटात जातं. सरकारने २०२५मध्ये शिशाच्या छऱ्यांवर बंदी जाहीर केलीय, पण ती लागू व्हायला अजून अवधी आहे. आम्ही स्टीलचे वापरायला लागलोय. बाकीचे पारवे पुरतो. खड्डा मीच खणतो, आणि त्या दिवसातलं तेवढंच काम मला आवडत नाही.

ओळखीबद्दल कवडा, उत्तर: नेहमी कळत नाही. गेल्या वर्षी धसकटांवर पडलेला एक उचलला तर पायात कडी होती. शर्यतीचं कबूतर, कुणाचं तरी घरचं. कडीवरून मालक शोधला, फोन केला. म्हातारा माणूस होता. रागावला नाही. फक्त विचारलं, कुठल्या बाजूने येत होता? मी म्हटलं, दक्षिणेकडून. म्हणाला, म्हणजे घरीच येत होता.

हे आजवर शेजाऱ्यालाही सांगितलं नव्हतं. धसकटांवर मी आता बसणार नाही, ते मी त्याला सांगेन. आडव्या गव्हावर बसेन, पण फिरकीशिवाय, आणि पक्ष्याच्या अंगावर उजेड नीट येईपर्यंत बंदूक मधून उघडी ठेवून.

गोफण
फिरकी नको तर नको, पण गहू सोडू नका.

लेस्टरकरीण
धसकटं सोडताय ते चांगलं. गव्हाबद्दल मी अजून तिथेच आहे. यंदा तोफ एकाच जागी न ठेवता रोज हलवून बघा, आणि चौथ्या दिवशी काय झालं ते इथे लिहा.