प्रति: सेशेल्समध्ये एकच दिवस, प्रालँ की क्युरियूज?
यॉटवरून एकच दिवस उतरायचं असेल तर प्रालँ न क्युरियूज या दोन बेटांपैकी माझं मत डोळे झाकून क्युरियूजला. बे लारे या तिथल्या खाडीत नांगर टाकायचा न डिंगीने (छोट्या होडीने) किनाऱ्यावर, तिथे अल्डाब्रा जातीची अवाढव्य कासवं मोकळी हिंडतात, गळ्याखाली खाजवलं की मान ताणून उभी राहतात, एक नंबरची लाडोबा! मग खारफुटीतून पायवाट आहे, डासांचं मलम घ्याच, ती पलीकडे आन्स सेंट जोसेच्या किनाऱ्याला निघते. तिथे डॉक्टरांचं १८७०च्या दशकातलं घर, १९६५पर्यंत या बेटावर कुष्ठरोग्यांना ठेवायचे.

दर्याई नारळ, आपल्याकडे फकिरांच्या हातात कटोरा असतो ना तोच, त्याची झाडं मुळात फक्त याच दोन बेटांवरची, पण त्यांचं जंगलच बघायचं असेल तर मात्र प्रालँचं व्हॅली द मे, तिकीट दणकून आहे.