मदत हवी आहे: अंगावर पाजताना सर्दीची गोळी चालेल का?
बाळ अडीच महिन्यांचं, फक्त अंगावरचं दूध. मला चार दिवस सर्दी, अंग ठणकतंय. पॅरासिटामॉल चालते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, ती घेतेय. पण मेडिकलवाल्याने सर्दीची गोळी दिली, तिच्यातही पॅरासिटामॉल, वर फिनाइलएफ्रिन (नाक मोकळं करणारं) आणि क्लोरफेनिरामिन (शिंका, वाहतं नाक थांबवणारं). म्हणजे दोन्ही घेतल्या तर पॅरासिटामॉल डबल! शिवाय नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, क्लोरफेनिरामिनने बाळ पेंगू शकतं म्हणे. कोडीनवालं (अफूच्या जातीचं औषध असलेलं) कफ सिरप तर मी तिथेच परत केलं.

डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर वाफ आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, एवढ्यावर कुणाचं भागलंय? तुम्हाला डॉक्टरांनी नेमकं काय दिलं होतं? आणि गोळी पाजून झाल्याझाल्या घ्यायची ना? सासूबाईंचा ओव्याचा शेक चालूच आहे, तो सोडून सांगा.